स्टार खेळाडू चालला म्हणतात? आधी हे बघा, मग जर्सीवर नाव टाका

२३ जुलै २०१७ ला बार्सिलोनाच्या फुटबॉल संघातल्या पिकेनं संघातल्याच नेमारबरोबरचा एक फोटो टाकला आणि खाली दोन शब्द लिहिले, 'से केदा'. म्हणजे, राहतोय. मला स्पॅनिश येत नाही, पण त्या दिवशी अख्ख्या पेठेला आलं. संध्याकाळी सहा पोरं दुकानात हजर. सहा बार्सिलोना जर्सी, सगळ्यांना नाव एकच, नंबर एकच. नेमार, ११. मी म्हटलं, बातमी होती ना जाणार म्हणून? तर एक म्हणाला, "काका, पिके सांगालाय म्हटल्यावर विषय संपला."

विषय अकरा दिवसांनी संपला. ३ ऑगस्टला नेमारचे वकील २२.२ कोटी युरो भरायला बार्सिलोनाच्या ऑफिसात गेले आणि पोरगा पॅरिसला, पीएसजी क्लबकडं गेला. सहापैकी एकही जर्सी न्यायला कुणी आलं नाही. ॲडव्हान्स घेतला नव्हता, ती माझी चूक.

जर्सीवरचं नाव काढता येतं का, असं लोक विचारतात. येतं, अर्धवट. हीट प्रेसखाली परत गरम करायचं, अक्षराचं टोक चिमट्यात धरायचं आणि हळू ओढायचं. व्हिनाइल निघतं, डिंक राहतो. डिंक घासून काढला तरी जिथं दीडशे अंशाला दाब बसलाय तिथलं पॉलिस्टर चपटं आणि चकचकीत झालेलं असतं. त्या सहातली एक जर्सी घालून मी अजून दुकान झाडतो. सकाळच्या तिरक्या उन्हात पाठीवर नेमार स्पष्ट वाचता येतो, असं समोरचा चहावाला सांगतो.

तेव्हापासून 'अमुक चालला' असं कानावर आलं की मी काय काय बघतो, ते इथं लिहितोय. मी पत्रकार नाही, एजंट नाही, कोल्हापुरात जर्सी छापतो. पण अफवा खोटी निघाली तर तुमचे दोन दिवस वाईट जातात, माझा माल अंगावर पडतो. त्यामुळं माझी नजर तुमच्यापेक्षा थोडी तिखट झालीय.

आधी क्रियापद बघा

बातमीत खेळाडूचं आणि क्लबचं नाव मोठं असतं. ते सोडा. क्रियापद शोधा. 'इच्छुक आहे', 'लक्ष ठेवून आहे', 'यादीत आहे' याचा अर्थ काहीही झालेलं नाही. मीपण इनोव्हा घ्यायला इच्छुक आहे. 'चौकशी केली' म्हणजे फोन झाला. 'वैयक्तिक अटी ठरल्या' हे वाचून पोरं नाचायला लागतात, पण ते सगळ्यात स्वस्त वाक्य आहे. पगार किती, हे खेळाडू आणि नवा क्लब यांच्यात ठरलं एवढंच. जुना क्लब अजून टेबलावर आलेलाच नाही. खरी बातमी सुरू होते ती 'बोली' या शब्दापासून, त्यातही आकडा दिला असेल आणि ती फेटाळली की स्वीकारली हे सांगितलं असेल तर. खेळाडूंच्या बदल्यांच्या बातम्या देणाऱ्या फॅब्रिझिओ रोमानो या पत्रकाराचं 'हिअर वी गो' पोरांच्या तोंडी इतकं बसलंय की आमच्याकडं एकानं लग्न ठरल्याचं स्टेटसही तेच ठेवलं होतं. ते वाक्य साधारण तिन्ही बाजूंचं ठरल्यावर येतं, म्हणून त्याला वजन आहे.

आणि वैद्यकीय चाचणी झाली म्हणजे झालंच, असंही समजू नका. २०१३ च्या ऑगस्टमध्ये विलियनची चाचणी टॉटनहॅमकडं झाली आणि सही चेल्सीकडं झाली. २०२५ मध्ये एबेरेची एझेच्या वेळी टॉटनहॅमचं जवळपास ठरत आलं होतं, तेवढ्यात शेजारच्या आर्सेनलनं उचलला. टॉटनहॅमच्या गिऱ्हाइकाला मी आता चहा पाजतो आणि थांब म्हणतो.

कराराची शेवटची तारीख शोधा

हे दोन मिनिटांचं काम आहे आणि शंभरातले नव्वद जण करत नाहीत. खेळाडूचा करार कधी संपतोय? शेवटचे सहा महिने उरले असतील तर फिफाच्या नियमाप्रमाणं दुसरा क्लब त्याच्याशी उघड बोलू शकतो. तिथं अफवेला पाय असतात. एम्बापेचं २०२२ मध्ये तसंच झालं. करार जूनला संपत होता, सगळे म्हणत होते माद्रिदला, म्हणजे रेआल माद्रिदकडं चालला. आणि २१ मे ला तो पॅरिसमध्येच २०२५ लिहिलेली जर्सी धरून उभा राहिला! म्हणजे पाय असलेली अफवासुद्धा कुठल्या दिशेला चालेल, सांगता येत नाही. माद्रिदचं जाहीर झालं दोन वर्षांनी, ३ जून २०२४ ला. करारातलं तिसरं वर्ष त्याच्या मर्जीवर होतं, ते त्यानं घेतलं नाही.

करार लांब असेल तर मग देश बघा. स्पेनमध्ये करारातच एक आकडा लिहिलेला असतो. तेवढे पैसे भरले की खेळाडू मोकळा, क्लबनं कितीही डोकं आपटलं तरी. नेमारला बार्सिलोना 'नाही' म्हणू शकलं नाही ते त्यामुळं. इंग्लंडमध्ये असा आकडा सक्तीचा नाही, क्लबला सरळ नाही म्हणता येतं. मेस्सीनं २५ ऑगस्ट २०२० ला बार्सिलोनाला बुरोफॅक्स पाठवला, मी जातो म्हणून. बुरोफॅक्स म्हणजे आपल्याकडच्या रजिस्टर पोस्टानं आलेल्या नोटिशीसारखं. क्लब म्हणाला, फुकट जायची मुदत १० जूनलाच संपली, आता जायचं तर ७० कोटी युरो. त्यानं क्लबला कोर्टात ओढलं नाही, वर्षभर राहिला. त्या आठवड्यात आमच्या चौकात दोन गटांत बोलणं बंद होतं, तेही एकाच क्लबच्या चाहत्यांमध्ये. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, दुसरं काय.

पुढच्या वर्षी मात्र तो खरंच गेला, आणि तेव्हा त्याला जायचं नव्हतं. करार ३० जूनला संपलेला, नवा ठरलेला, पण ला लीगाच्या, म्हणजे स्पेनच्या लीगच्या, पगाराच्या मर्यादेत बसेना. ५ ऑगस्टला क्लबनं जाहीर केलं, ८ ला तो पत्रकारांसमोर रडला, १० ला पॅरिस. जेव्हा सगळे 'चालला' म्हणत होते तेव्हा राहिला आणि 'राहणारच' म्हणत होते तेव्हा गेला. दोन्ही वेळी उत्तर कागदात होतं, पिकेच्या किंवा कुणाच्याही फोटोत नव्हतं.

खडा कुणी टाकला?

बातमी आपोआप येत नाही. कुणाला तरी ती यावीशी वाटते. एजंटला पगार वाढवून हवा असेल, विकणाऱ्या क्लबला भाव चढवायचा असेल, घेणाऱ्याला खेळाडूचं मन अस्वस्थ करायचं असेल. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये रूनीनं मँचेस्टर युनायटेड सोडायचं जाहीर केलं, क्लबच्या महत्त्वाकांक्षेबद्दल बोलला, शेजारच्या मँचेस्टर सिटीचं नाव हवेत फिरायला लागलं. दोन दिवसांनी पाच वर्षांची नवी सही. त्यावरून काय समजायचं ते तुम्ही समजा.

आमच्या कोल्हापुरात हे सोपं आहे. इथं फुटबॉलचे संघ तालमींचे असतात. हंगामापूर्वी एखादा खेळाडू एक तालीम सोडून दुसरीकडं सही करणार अशी हवा झाली, तर त्याच्या घरी जाऊन विचारता येतं. निदान त्याच्या आईला विचारता येतं. शाहू स्टेडियमवर दहा हजार माणसं त्याला शिव्या द्यायच्या आत खरं-खोटं कळून जातं. एम्बापेच्या आईला आपण कुठं गाठणार?

त्याच्या जागी कोण आलं?

हा मुद्दा मला माझ्या भाच्यामुळं समजला, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

भाचा सप्टेंबर २०२४ मध्ये मास्टर्सला न्यूकॅसलला गेला. त्याला फुटबॉलचं फारसं नव्हतं, क्रिकेटवाला पोरगा. पण मी म्हटलं, तिथं मैदान शहराच्या मधोमध आहे, गावात राहायचं तर गावचा संघ आपला. जाताना त्याला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची जर्सी करून दिली. कापड लोकल, पण इसाक १४ ही अक्षरं मी स्वतः बसवली, दोनदा मोजून. त्यानं तिकडं जाऊन काय केलं माहिती नाही, डिसेंबरपर्यंत पक्का झाला. १६ मार्च २०२५ ला वेम्बलीवर न्यूकॅसलनं लिव्हरपूलला २-१ हरवून लीग कप जिंकला. दुसरा गोल इसाकचा. १९५५ नंतर त्यांना देशातला पहिला मोठा कप. रात्री मला व्हिडिओ कॉल, मागं नुसता आरडाओरडा, हा त्या जर्सीत, आवाज बसलेला. "मामा, इथली म्हातारी माणसं रडत्यात ओ." २९ तारखेला टाउन मूरवर मिरवणूक झाली, त्याचे फोटो आमच्या ताईनं सगळ्या नातेवाइकांना पाठवले.

आणि जुलैत सुरू झालं. संघ आशियाच्या दौऱ्यावर गेला, इसाक नाही. मांडीला किरकोळ दुखापत म्हणे. मग कळलं, जुन्या क्लबच्या मैदानावर, तिकडं स्पेनमध्ये रेआल सोसिएदादकडं सराव करतोय. ऑगस्टच्या सुरुवातीला लिव्हरपूलची ११ कोटी पौंडांची बोली, न्यूकॅसलनं फेटाळली. ज्या लिव्हरपूलला मार्चमध्ये हरवलं, तेच लिव्हरपूल.

भाच्याचा रोज फोन. प्रबंध लिहायचा सोडून हेच. मी त्याला करार बघायला सांगितला, २०२८ पर्यंत होता. मी छातीठोकपणे म्हटलं, तीन वर्षं हातात आहेत, क्लब सोडणार नाही, झोप जा. १९ ऑगस्टला इसाकनं निवेदन काढलं, आश्वासनं मोडली, विश्वास उरला नाही, वगैरे. क्लबनं त्याच रात्री उत्तर दिलं, असं कुठलंही वचन कुणी दिलेलं नाही. २५ तारखेला न्यूकॅसलमध्येच लिव्हरपूलशी सामना. इसाक नाही. दहा जणांवर खेळत न्यूकॅसलनं २-२ केलं आणि शंभराव्या मिनिटाला सोळा वर्षांच्या रिओ एन्गुमोहानं लिव्हरपूलला जिंकून दिलं. त्या रात्री भाच्याचा फोन आला नाही.

मी करार बघितला आणि चुकलो. लांब करारानं किंमत ठरते, खेळाडू राहील की नाही हे ठरत नाही. क्लबनं अडवून धरलं ते विकायचंच नव्हतं म्हणून नसेलही. त्यांच्याकडं भरवशाचा दुसरा सेंटर फॉरवर्ड, म्हणजे पुढं राहून गोल करणारा, नव्हता! कुठलाही शहाणा माणूस नवी गाडी दारात आल्याशिवाय जुनी देत नाही. ३० ऑगस्टला न्यूकॅसलनं स्टुटगार्टचा निक व्होल्टेमाडे घेतला, क्लबच्या इतिहासातली सगळ्यात महाग खरेदी. दोन दिवसांनी, १ सप्टेंबरला, इसाक साडेबारा कोटी पौंडांना लिव्हरपूलला. ११ चे १२.५ झाले, मधल्या महिनाभराच्या तमाशाची ती कमाई.

म्हणून आता मी स्टारची बातमी वाचतच नाही म्हटलं तरी चालेल. त्याच्या जागेवर क्लब कुणाला शोधतोय, हे वाचतो. दोन-तीन फॉरवर्ड एकदम यादीत दिसायला लागले आणि त्यातला एक आला की समजायचं, पाळणा हलला. आणि कुणीच येत नसेल, तर कितीही निवेदनं निघू देत, शेवटच्या दिवसापर्यंत गाडी हलत नाही.

नंबर कळेपर्यंत थांबा

हे खास माझ्या गिऱ्हाइकांसाठी. खेळाडू आला, घोषणा झाली, तरी जर्सी छापायची नाही. २६ ऑगस्ट २०२१ ला एकजण रोनाल्डोसाठी मँचेस्टर सिटीची आकाशी जर्सी घेऊन आला होता. त्याला परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी रात्री युनायटेडनं जाहीर केलं. तो तिसऱ्या दिवशी लाल घेऊन आला, टाका ७. मी म्हटलं, ७ कवानीच्या नावावर नोंदलाय. तो चिडला. पण मग डॅनियल जेम्स लीड्सला गेला, त्याचा २१ मोकळा झाला, कवानीनं २१ घेतला आणि २ सप्टेंबरला ७ नंबर रोनाल्डोचा झाला. एक आठवडा थांबल्यानं त्याचं काही गेलं नाही. मेस्सीच्या वेळी नेमार १० देतोय अशा बातम्या होत्या, कितीतरी जणांनी दुसरीकडून १० छापून घेतला. मेस्सीनं घेतला ३०.

कुटिन्होचं तर मजेशीर. २०१७ च्या डिसेंबरच्या शेवटी नाइकीच्याच साइटवर त्याच्या नावाची बार्सिलोनाची जर्सी दिसली, तो अजून लिव्हरपूलचा असताना. आठवड्याभरात तो गेलाही. म्हणजे कधीकधी दुकानदाराला आधी कळतं. मला मात्र आजवर कधीच आधी कळलेलं नाही. आणि एम्बापेनं माद्रिदला पहिल्या वर्षी ९ घातला, मॉड्रिच गेल्यावर २०२५ मध्ये १० घेतला. ९ वाली पोरं परत आली. तो मात्र धंदा झाला, तक्रार नाही.

शेवटच्या रात्री

२०२५ मध्ये इंग्लंडची खिडकी, म्हणजे खेळाडू घ्यायची-द्यायची मुदत, त्यांच्या संध्याकाळी सातला बंद झाली, म्हणजे आपल्याकडं साडेअकरा. एवढं जागणं ठीक आहे. स्पेनची २०१५ ची रात्र मात्र पहाटे साडेतीनपर्यंत होती. त्या रात्री युनायटेडचा गोलकीपर डे हेया माद्रिदला आणि माद्रिदचा गोलकीपर केलर नावास युनायटेडला, असं सगळं ठरलं होतं, आणि कागद वेळेत पोचले नाहीत. दोन्ही क्लब एकमेकांवर ढकलत राहिले. डे हेयानं अकरा दिवसांनी युनायटेडशीच नवा करार केला. जागलेल्यांना काय मिळालं? सकाळी दूध आणायला उशीर. झोपा. कागद तुमच्या जागण्यानं लवकर पोचत नाहीत.

पैज लावायचीच असेल तर मिसळीची लावा, पैशाची नको. आणि ग्रुपवर 'मी आधीच सांगितलं होतं' म्हणणाऱ्याकडं जुना मेसेज मागा. बहुतेक वेळा त्यानं दोन्ही बाजूंचं सांगितलेलं असतं.

गेलाच, तर

जर्सी जाळू नका. भावना समजते, पण मी मालाच्या बाजूनं सांगतो. पॉलिस्टर नुसतं जळत नाही, वितळतंही. थेंब थेंब पडतं आणि हातावर पडलं तर कातडी घेऊन निघतं. व्हिनाइलचा धूर वेगळाच. एका पोरानं गच्चीवर हा प्रयोग केला, तळहाताला पट्टी बांधून महिनाभर फिरला, आणि परीक्षेत लिहायला डावा हात.

शिव्यांचंही तेच. फिगो २००० साली बार्सिलोनातून माद्रिदला गेला. दोन वर्षांनी, नोव्हेंबर २००२ मध्ये, तो कॉर्नर घ्यायला आला तेव्हा कँप नोउवर, म्हणजे बार्सिलोनाच्या मैदानावर, कुणीतरी डुकराचं मुंडकं फेकलं. आज तो सामना कुणाला आठवतो? मुंडकं आठवतं. मे २०२५ मध्ये लिव्हरपूलच्या ट्रेंट अलेक्झांडर-आर्नल्डनं जातोय म्हणून सांगितलं आणि पुढच्याच रविवारी त्यांच्या ॲनफिल्ड मैदानावर त्याच्याच लोकांनी त्याची हुर्यो केली. वीस वर्षं त्या क्लबमध्ये वाढलेला, त्याच गावचा पोरगा. लिव्हरपूलची माणसं त्यावर अजून भांडतात. माझं मत विचाराल तर, नाराज व्हायचा हक्क तिकीट काढणाऱ्याला आहे. मी मोबाइलवर बघतो, मला तेवढा नाही.

भाचा दिवाळीत घरी आला. बॅगेतून ती काळी-पांढरी जर्सी काढली आणि काउंटरवर ठेवली. धुऊन धुऊन पट्टे मळकट झालेले, १४ मधल्या चारचा एक कोपरा उचकटलेला. म्हटलं, काढायचं का नाव? सावली राहील हं. तो बराच वेळ त्या कोपऱ्यावर बोट फिरवत बसला. मग म्हणाला, "राहू दे मामा. वेम्बलीच्या रात्री हीच अंगात होती. कोपरा तेवढा दाबून द्या."

प्रेस तापवला, वर बटर पेपर टाकला, दहा सेकंद धरला. कोपरा बसला.

मग त्यानं बॅगेतून दुसरी, कोरी जर्सी काढली. व्होल्टेमाडे, २७. मी अक्षरामागं पैसे घेतो. इसाक इंग्रजीत चार अक्षरांत आटोपायचा, या जर्मनाला नऊ लागतात. भाच्याकडून चारचेच घेतले.